केसरबाईंची तारीख

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या शेजारी एक फळा आहे. पूर्वी त्यावर पाणी कधी येणार आणि कुणाची गाडी कुणाच्या जागेत लागली हे लिहिलेलं असायचं. ती भांडणं फोनवर गेली, फळा रिकामा पडला आणि मी तो मुलांसाठी मागून घेतला. शाळेत परिपाठाला दिनविशेष वाचतात, तसा इथे रोज एका मुलाने दिनविशेष लिहायचा. आजच्याच तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते. नियम दोनच. लिहिलेलं खरं असलं पाहिजे आणि कुणी विचारलं तर लिहिणाऱ्याला समजावून सांगता आलं पाहिजे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालो. निगडीला राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, आता सकाळी फिरायचं आणि पेपर वाचायचा. पण मुलं दिसली की माझं फिरणं थांबतं.

यंदा एक जून मैत्रीच्या वाट्याला आला. मैत्री सहावीत जाणारी, तिसऱ्या मजल्यावरची. तिची आई पूनम ताथवड्याच्या एका कॉलेजात ऑफिसात, वडील चाकणला शिफ्टमध्ये. त्यामुळे मैत्रीला वाढवलं ते आजीने, पूनमच्या आईने, केसरबाईंनी. स्वतः केसरबाई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. नात झाली तेव्हा काम सोडून इथे आल्या.

रविवार होता. मैत्रीने सकाळीच फळा पुसून गोल अक्षरांत लिहिलं:

१८३१ – पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव सापडला.
१९३० – मुंबई–पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली.
१९४८ – पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली.
१९५५ – अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा लागू झाला.
१९६९ – माझी आजी केसरबाई हिचा जन्म.

मी वाचत उभा राहिलो. एवढ्याशा फळ्यावर ध्रुव, रेल्वे, एसटी, कायदा आणि एक आजी. मला दिनविशेष आवडतो तो यासाठीच. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, अशा गोष्टी एका तारखेच्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातलेल्या दिसतात.

"सर, केवढा भारी दिवस आहे ना आजीचा?" मैत्री म्हणाली. "एसटी पण त्याच दिवशी!"

"डेक्कन क्वीन आकुर्डीला थांबत नाही, तिचं काय कौतुक?" मागून ऋतिक आला. तो मैत्रीच्याच वर्गात, आणि बोलल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. त्याने शेवटची ओळ वाचली आणि पोट धरून हसायला लागला. "ए, माझे आजोबा पण एक जून! वॉचमनकाका पण एक जून! सेक्रेटरी दादासाहेब पण! सगळे एकाच दिवशी जन्मले काय? दवाखान्यात रांग लागली असेल!"

"आधार कार्डावर आहे," मैत्री म्हणाली.

"कार्डावर असेल गं. खोटी असते ती तारीख. शाळेतले मास्तर टाकायचे. विचार सरांना."

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मुलाला खोटं सांगून चालत नाही.

"ऋतिक म्हणतो ते बरोबर आहे, बाळा," मी म्हणालो. "तेव्हा जन्म घरी व्हायचे. तारीख कोण लिहून ठेवणार? मूल सहा वर्षांचं दिसायला लागलं की जूनमध्ये शाळेत आणायचे. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? वडील म्हणायचे, पेरणी चालली होती. मग मास्तर अंदाजाने साल धरायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात अशी लाखो माणसं आहेत."

मैत्रीने तळहाताने शेवटची ओळ पुसली. खडूचा पांढरा पट्टा तेवढा राहिला.

"खरं असलं पाहिजे, असा नियम आहे ना," ती म्हणाली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दादासाहेब यांनी सालाबादप्रमाणे ज्येष्ठांचा सामुदायिक वाढदिवस केला. नऊ जणांचा एकच केक. नऊ नावं मावेनात म्हणून केकवर 'एक जून मंडळ' एवढंच लिहून आणलं होतं. आठ जण खाली आले. केसरबाई आल्या नाहीत. मैत्रीबरोबर केकचा तुकडा घेऊन मी वर गेलो.

केसरबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या.

"गुरुजी, तुमी आलात, बसा. पण केक नको. त्यो वाढदिवस माझा न्हाई, शाळेतल्या मास्तरांचा हाय. त्यांनाच द्या."

"मग तुझा कधी असतो?" मैत्रीने विचारलं.

"मला न्हाई तारीख."

"असं कसं? प्रत्येकाला असते."

"मला न्हाई. जा, गुरुजींना पाणी आण." मैत्री आत गेली तशी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिच्या डोक्यातनं हे काढा, गुरुजी. मी आले आन् त्याच दिवशी माझी आई गेली. लोक म्हणायचे, आईला खाऊन आली. तसल्या दिवसाची तारीख ठिवून काय करायची? मी बापाला कधी इचारलं न्हाई. त्यानं बी कधी सांगितली न्हाई. कुणाच्या ध्यानात ठिवावं असं काय झालं त्या दिवशी? तुमच्या फळ्यावर मोठमोठ्या गोष्टी असत्यात. त्यात माझा दिवस कशाला?"

मैत्री पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. केसरबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मेथीची जुडी उगाच पुन्हा सोडली.

त्यानंतर मैत्री जवळजवळ आठवडाभर फळ्याकडे आली नाही. आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

"सर, कुणाकडे तारीख नसेल, तर ती शोधता येते का?"

येते, मी म्हणालो, कधीकधी. आणि त्या संध्याकाळी सगळ्या मुलांना बसवून सांगितलं. जुनी माणसं तारीख लक्षात ठेवत नसत, घडलेली गोष्ट लक्षात ठेवत. विहिरीला पाणी लागलं ते साल. पूर आला तो दिवस. घरातल्या मोठ्यांना विचारा, तुमच्या जन्माच्या वेळी जगात काय चाललं होतं? जगाला ती गोष्ट माहीत असेल तर तिची तारीख सापडेल. आणि तिच्या शेजारीच तुमचा माणूस सापडेल.

मुलं कामाला लागली. ऋतिकचे आजोबा बबनराव एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेले निघाले. त्यांची आई खडी फोडायच्या कामावर होती आणि तिथे मिळणारी सुकडी खाऊन तिने दिवस काढले. तारीख नाही सापडली, पण साल पक्कं झालं. ऋतिक त्या दिवशी कमी बोलला. तेजलच्या आजीचं नशीब मोठं. त्या पानशेतचं धरण फुटलं त्याच दिवशी झालेल्या. बारा जुलैला तेजलने फळ्यावर मोठ्या अक्षरांत पानशेत लिहिलं आणि खाली आजीचं नाव. पासष्टीकडे झुकलेली ती बाई खाली आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने कुणालाही न विचारता फोनवर त्याचा फोटो काढला.

मैत्री ते बघत होती. तिच्या घरात विचारायला कुणी नव्हतं.

मग यशोदाबाई आल्या. केसरबाईंची थोरली बहीण. चाकणच्या पलीकडे भामा नदीच्या काठी त्यांचं गाव, तिथेच त्या राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे करायचं ठरलं. ऑपरेशन नीट झालं आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्या लेकीसारख्या बहिणीकडे मुक्कामाला राहिल्या. दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब घालायचं काम मैत्रीकडे आलं.

"यशोदाआजी हलू नको," मैत्री म्हणायची. "वर बघ. आजी झाली तेव्हा तू केवढी होतीस?"

"नऊ-धा वर्साची. अगं, थेंब घाल की!"

"घालते. पण आजी झाली त्या दिवशी काय काय झालं, ते सांग आधी."

"बघा, बघा! डोळा उघडा धरून जबानी घेती पोरगी! पोलिसात घाला हिला!"

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मैत्री यशोदाबाईंचा हात धरून त्यांना खाली माझ्याकडे घेऊन आली. फळ्यासमोर बाक आहे, तिथे बसवलं. ऋतिक आणि तेजल होतेच.

"जयभीम, गुरुजी," यशोदाबाई म्हणाल्या. "ही काय सोडत न्हाई मला. सांगते. पण केसरला म्हणू नका मी सांगितलं. ती म्हणंल, आक्कानं जखम उकरली."

"केसर हितंच हाय," मागून आवाज आला.

केसरबाई भाजीची पिशवी घेऊन गेटमधून आल्या होत्या. यशोदाबाईंनी काळ्या चष्म्यातून आवाजाच्या दिशेने मान वळवली. मला वाटलं, आता केसरबाई लिफ्टचं बटण दाबतील आणि हे सगळं इथेच संपेल. त्यांचा हात बटणापर्यंत गेलाही. पण लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "आता काय राहिलंय."

यशोदाबाई सांगू लागल्या.

"सकाळ व्हती. मी दप्तर घेऊन शाळंला निघालेले. आजीनं हाक मारून परत बोलावलं, म्हणली, आईचं पोट दुखतंय, आज जाऊ नको. सुईण आत. बाप बाहेर वट्यावर. आमचा एक चुलतभाऊ पिंपरीच्या कंपनीत कामाला, त्यानं टान्झिस्टर आणलेला. वस्तीतली समदी माणसं त्या टान्झिस्टरभवती. कामाला कुणी गेलंच न्हाई. मला वाटलं, आमचं बाळ बघायला जमलेत. मी म्हणलं, अजून झालं न्हाई, दम धरा. तर हसायला लागले. चुलतभाऊ म्हणला, येडे, माणूस चंद्रावर उतरलाय, त्ये ऐकतोय."

मैत्रीचे डोळे मोठे झाले. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच अडवलं, तर ती परत त्याच वाटेने येत नाही.

"तेवढ्यात आतनं रडणं आलं. हिचं. एकजण म्हणला, सोनबा, तुझी पोरगी चंद्रावरनं आली बघ. बाप हसला." यशोदाबाईंनी चष्मा सारखा केला. "आमचा बाप तसा पुन्हा कधी हसला न्हाई. दुपारच्याला आई गेली. रगत थांबलंच न्हाई. चाकणला न्यायला बैलगाडी जुपली, पण गाडी वस्तीच्या बाहेर बी पडली न्हाई."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"सांजच्याला तिला नदीवर नेली. बायाबापड्या गेल्या न्हाईत, पोरींना तर कोण नेतंय? मी दारात बसलेली, मांडीवर ही. आभाळ दिसभर भरलेलं, पण तवा मधनंच फाटलं आन् चंद्र निघाला. अर्धा. बरोबर अर्धा, भाकरी मोडल्यागत. मला सकाळचं आठवलं. मी आजीला इचारलं, वर माणसं हायेत ना? त्यांना तिथनं नदीवरचा जाळ दिसत आसंल का? आपली आई दिसत आसंल का? आजी म्हणली, गप बस. मग मी गप बसले. पुन्हा कुणाला इचारलं न्हाई."

आता मैत्रीला धरून ठेवणं शक्य नव्हतं. "सर! वीस जुलै एकोणीसशे एकोणसत्तर! मला पाठ आहे! उद्याच आहे, सर!" तिने ऋतिकच्या हातातला फोन ओढला आणि शोधू लागली. मग तिचा चेहरा पडला. "पण त्या दिवशी रविवार होता. यशोदाआजी, रविवारी शाळा होती?"

"रविवारी कशाला आसंल? सोमवार व्हता. घरी राहा म्हणल्यावर मी रडले व्हते, पाढे म्हणायची पाळी माझी व्हती."

"मग नाही जुळत," मैत्री म्हणाली. ती बाकावर बसली आणि तिने हातातला खडू मोडला. "तुला नीट आठवत नाही."

"मला? नीट आठवत न्हाई?" यशोदाबाई चिडल्या. "आई गेली तो वार इसरंल माणूस?"

केसरबाईंनी पिशवी खाली ठेवली होती. मी पिशवीतून एक टोमॅटो मागून घेतला. ऋतिकला फोनचा दिवा लावायला सांगितला. टोमॅटो म्हणजे पृथ्वी, दिवा म्हणजे सूर्य. मैत्रीने खडूने टोमॅटोवर दोन ठिपके दिले, एक आपला आणि एक अमेरिकेचा. मग मी टोमॅटो हळूहळू फिरवला. आपला ठिपका उजेडात आला तेव्हा पलीकडचा ठिपका अंधारात होता.

"हा क्षण एकच आहे," मी म्हणालो. "आता सांग, इथे काय वाजलं असेल आणि तिथे?"

मैत्री टोमॅटोकडे बघत राहिली. "इथे सकाळ." मग अगदी सावकाश, "तिथे अजून रात्र. आदली रात्र." तिने वर पाहिलं. "तिथे रविवार संपलेला नव्हता! सर, म्हणजे पुस्तकातली वीस तारीख त्यांची आहे. आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडला होता. एकवीस!"

"मग कुठली खरी?" ऋतिकने विचारलं.

"दोन्ही," मैत्रीच म्हणाली. "दोन्ही खऱ्या."

"मी काय म्हणत व्हते?" यशोदाबाई म्हणाल्या. "सोमवार."

मुलं हसली. पण मैत्रीचं संपलं नव्हतं. ज्या मुलाला एक उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न पडतो, ते मूल मला फार आवडतं, आणि त्याची थोडी भीतीही वाटते.

"पण यशोदाआजीने चंद्र बघितला तो संध्याकाळी. तेव्हा ती माणसं तिथे होती का? की निघून गेली होती?"

मला माहीत नव्हतं. माहीत नसलं की तसं सांगायचं, ही माझी जुनी सवय आहे. "मला माहीत नाही. शोधू या," मी म्हणालो.

आम्ही फोनवर त्या प्रवासाच्या वेळा काढल्या. त्या सगळ्या जागतिक प्रमाणवेळेतल्या. मैत्रीने त्या फळ्यावर लिहिल्या आणि आपल्या घड्याळात आणल्या. साडेपाच तास पुढे. तिचं पहिलं गणित चुकलं, दुसरं चुकलं नाही. माणसाने चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ व्हायचे होते. आणि ते यान तिथून परत निघालं तेव्हा आपल्याकडे सोमवारचीच रात्र, अकरा वाजून गेलेले.

मैत्रीने खडू खाली ठेवला. मी ते आकडे पुन्हा तपासले, कारण माझा विश्वास बसत नव्हता. मग त्या दिवसाचा चंद्र शोधला. सप्तमी-अष्टमीचा. अर्धा. आणि ती दोन माणसं उतरली होती ती जागा त्याच अर्ध्या भागात होती, उजेडातल्या.

मी आयुष्यभर मुलांना ही गोष्ट शिकवली. चंद्रावरच्या मातीतला बुटाचा ठसा फळ्यावर काढून दाखवला. पण मला ती गोष्ट कायम कुठेतरी दूर, दुसऱ्यांच्या देशात घडलेली वाटायची. भामेच्या काठी एका दारात नऊ-दहा वर्षांची पोर मांडीवर तान्हं बाळ घेऊन वर बघत होती, आणि ती ज्या उजेडाकडे बघत होती त्या उजेडात खरोखर दोन माणसं होती, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"म्हंजी तवा व्हते तिथं?" यशोदाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"होते, यशोदाबाई. तुम्ही बघत होता तेव्हा ते तिथेच होते."

"मग दिसला आसंल जाळ?"

मुलं माझ्याकडे बघत होती. नियम माझाच होता.

"नाही," मी म्हणालो. "एवढ्या लांबून जाळ दिसत नाही. तिथून सगळी पृथ्वीच हातात धरता येईल एवढी दिसते. पण आपल्याला चंद्र दिसत होता, म्हणजे आपली बाजू तेव्हा त्यांच्याकडेच वळलेली होती. भामा नदी, तुमची वस्ती, तुमचं दार, सगळं त्यांच्या समोर होतं."

यशोदाबाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. "बास," त्या म्हणाल्या. "समोर व्हतं, बास की."

तेव्हा केसरबाईंनी विचारलं.

"आक्का, बापाला तारीख ठावी व्हती?"

"ठावी न्हवती व्हय? घरात क्यालेंडर व्हतं, चुलतभावानं कंपनीतनं आणलेलं. तुला शाळंत घालायला गेलो, तवा मी संगं व्हते. मास्तरांनी इचारलं, जन्म कधीचा? बाप उभा. तारीख त्याच्या ओठावर आलेली मी बघितली. म्हणला, ठावं न्हाई गुरुजी, लिवा काय बी. मास्तरांनी एक जून टाकली. बाहेर आल्यावर मी म्हणलं, असं का केलं? तर म्हणला, पोरीला दर साल त्या दिवशी रडायला लागंल. कुणाला बोलू नको. आता त्यो बी गेला, मी बी म्हातारी झाले."

मी अनेक गावांत अनेक दाखले पाहिले. एक जून दिसला की मी मनात म्हणायचो, अडाणीपणा. त्या तारखेच्या मागे कुणी बाप जाणूनबुजून उभा असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

केसरबाई बाकावर बसल्या. मैत्री त्यांना चिकटून बसली.

"आक्का," त्या म्हणाल्या, "आखाडात एक दिवस बाप चाकणवरनं जिलबी आणायचा. सणवार काय न्हाई, एकदम जिलबी. माझ्या म्होरं ठिवायचा. सोता खायाचा न्हाई, नदीवर जाऊन बसायचा. मला वाटायचं, हातात पैसं आलं असतील."

यशोदाबाईंनी बहिणीचा हात चाचपून धरला.

केसरबाई रडल्या नाहीत. त्या फळ्याकडे बघत होत्या, जिथे मैत्रीची गणितं अजून तशीच होती.

"म्हंजी कुणीतरी ध्यानात ठिवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दर साल."

सोमवारी एकवीस जुलै होता. या वर्षीही सोमवारच. त्या दिवशी फळ्याची पाळी खरं तर ऋतिकची होती. त्याने ती आपण होऊन मैत्रीला दिली आणि वर म्हणाला, "उपकार नाही, एक दिवस उधार." शाळेच्या बसला वेळ होता. मैत्रीने लिहिलं:

१९६० – श्रीलंकेत जगातली पहिली महिला पंतप्रधान झाली.
१९६९ – माणूस चंद्रावर चालला. (आपल्या घड्याळाने.)
२००७ – भारताला पहिली महिला राष्ट्रपती मिळणार, हे मतमोजणीत ठरलं.

आणि ती थांबली. खडू फळ्याला टेकलेला, पण ओळ सुरू होईना. विचारल्याशिवाय लिहायचं नाही, असं तिने ठरवलेलं असावं. लिफ्टचं दार उघडलं. आधी काळा चष्मा लावलेल्या यशोदाबाई आल्या आणि त्यांच्यामागून केसरबाई. हातात कागदी पुडा, तेलाने पारदर्शक झालेला. निगडीच्या चौकातल्या हलवायाकडून सकाळीच आणलेली गरम जिलबी.

"लिहू?" मैत्रीने विचारलं.

केसरबाईंनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. ओठ हलत होते.

"लिव," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या आईचं."

"काय लिहू?"

"पुतळाबाई सोनबा. गेली, म्हणून लिव. मग खाली माझं."

मैत्रीने लिहिलं. फळ्यावर आता चंद्र, दोन देश, पुतळाबाई आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या केसरबाई एका रांगेत होत्या. ऋतिक दप्तर पाठीला लावून फळ्यासमोर उभा राहिला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "सर, नियम आहे. विचारलं तर सांगता आलं पाहिजे. पुतळाबाई कोण?"

मैत्री बोलायला वळली. पण केसरबाईंनी तिला हाताने मागे सारलं.

"माझी आई," त्या म्हणाल्या. आणि मग लिफ्टची वाट बघणारी, दुधाच्या पिशव्या आणलेली, शिफ्टवरून परतलेली अशी जी चार माणसं तिथे होती, त्या सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं. दप्तर, टान्झिस्टर, बैलगाडी, अर्धा चंद्र. सांगताना त्या मध्येच थांबायच्या, तेव्हा यशोदाबाई पुढचं वाक्य बोलायच्या. गेटबाहेर बसने दोनदा हॉर्न दिला. कुणी हललं नाही.

मग पुडा उघडला. मुलांना दिली, दादासाहेबांना दिली, वॉचमनला दिली. यशोदाबाईंच्या हातात एक दिली. शेवटी पुड्यात दोन उरल्या. एक केसरबाईंनी खाल्ली.

"ही कुणाची?" मैत्रीने दुसरीकडे बोट दाखवलं.

"माझ्या बापाची," केसरबाई म्हणाल्या. "त्यानं कधी खाल्लीच न्हाई." आणि तीही त्यांनीच खाल्ली, उभ्या उभ्या, फळ्याकडे बघत, पाक बोटावरून मनगटापर्यंत ओघळू देत.